टेकू

डिचोलीच्या मासळी बाजारात नव्या स्लॅबखाली
एकशे बारा टेकू उभे होते.
काही लोखंडी, बाकी सुरूचे, सालीसकट.
कंत्राटदार घनो साळकर म्हणाला, पत्र्यावर लिही:
टेकू नये.
लाल रंग, मोठं अक्षर.

बावीस वर्षं बोर्ड रंगवतोय.
अर्थाचा विचार करत नाही,
अर्थाचे वेगळे पैसे नसतात.
पण त्या दिवशी ब्रश मात्रेवरच अडला.
समोर एकशे बारा टेकू
आणि मी लिहिणार, टेकू नये.

खांब लिहिणं सोपं. खांब म्हटला की विजेचा,
निवडणुकीत माझीच अक्षरं त्यावर लोंबतात
आणि निकालानंतर आठवडाभर उतरत नाहीत.
स्तंभ कुणी बोलत नाही.
तो पेपरात उभा असतो, डाव्या अंगाला,
लेखकाच्या फोटोसकट.
मेढ फक्त मुहूर्ताची;
माटव मोडला की तीच मेढ
न्हाणीमागे दोरी बांधायला.
आणि आधार? आधार आता लॅमिनेट करून मिळतो.
मी गेलो तेव्हा मशीन म्हणालं, बोटांना ठसे नाहीत.
टर्पेंटाईननं गेले, म्हटलं.
पुढच्या महिन्यात या, म्हणाली बाई.

आई मिरीच्या वेलाशी काठी रोवायची,
तिला धिरा म्हणायची.
धिरा ऱ्हस्व, धीर दीर्घ.
असं का, तिला ठाऊक नव्हतं.
मीही नुसता बरोबर लिहितो.

बाबा खडी क्रशरवरून यायचे,
जरा टेकतो म्हणायचे
आणि भिंतीला पाठ लावून
भात होईपर्यंत घोरायचे.
तिथे चुन्यावर त्यांच्या पाठीचा
एक तेलकट डाग होता, माणसाएवढा.
मग छातीत धूळ भरली.
बांबोळीच्या डॉक्टरांनी हात टेकले,
आम्ही टेकीला आलो,
आईनं दिसेल त्या उंबऱ्यावर माथा टेकला.
एकाच धातूची एवढी रूपं
शाळेत कुणी शिकवली नव्हती.
डागावरून मी चुना फिरवला. दोन हात द्यावे लागले.

सेंटरिंगवाला बसप्पा जवळ येऊन उभा राहिला.
काय लिहिलंय?
टेकायचं नाही, असं.
म्हणजे झोपायचंपण नाही?
दुपारी तो तिथंच झोपायचा,
उशाला लाकडी पाचर,
वर आठ इंच ओलं काँक्रीट.
उठला की हातोडीनं एकेक टेकू वाजवत जायचा.
घट्ट असला तर बोलतो, म्हणाला,
सैल असला की गप्प.
मी विचारलं, तुमच्यात ह्याला काय म्हणतात?
त्यानं कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं.
मी ते पत्र्याच्या मागच्या बाजूला
देवनागरीत लिहून ठेवलं, चुकीचंच बहुधा.

एकविसाव्या दिवशी टेकू काढले.
मधून सुरुवात, मग कडेला.
उलट केलं तर काय होतं?
बसप्पानं दोन्ही हात वर करून
नुसते सोडून दिले.
शेवटचा टेकू त्यानं एकट्यानं काढला,
बाकीच्यांना बाहेर उभं करून.
वर बघत थोडा वेळ थांबला
आणि विडी मागितली.
सुरूचे सगळे वासे ट्रकात गेले
म्हापशाच्या कुठल्यातरी स्लॅबखाली.
पाटी तेवढी राहिली, खांबाला तारेनं बांधलेली.

परवा बुधवारी पाहिलं,
त्याच पाटीखाली कुस्तोदिन बसलेली,
पाठ पुरती खांबाला,
पुढ्यात बांगडे.
मी बोट दाखवलं.
तिनं मान वर करून वाचलं,
सावकाश, आपलं नाव वाचावं तसं.
टेंकूंक ना रे, म्हणाली, बसल्यां.

अर्धा डझन घेतले.
सुट्टे आणायला ती पलीकडे गेली.
तेवढा वेळ मी उभा होतो,
एक हात खांबावर,
पाटीच्या जरा खाली.